आधी प्रश्न, मग पान : माहितीच्या पुस्तकात उत्तर शोधायला मुलांना कसं शिकवायचं

तिसरीतली एक मुलगी संत्र्याची माहिती असलेल्या पानावर बोट ठेवून वाचत होती. फळ्यावर प्रश्न होता, 'मृग बहाराची संत्री कोणत्या महिन्यांत तोडतात?' तिने अगदी वरच्या शीर्षकापासून सुरुवात केली. एकेक ओळ नीट वाचली. कुठे अडखळली नाही. शेवटच्या ओळीवर बोट पोहोचल्यावर मान वर करून म्हणाली, "मॅडम, इथं तं काईच नाही लिहेल."

लिहिलेलं होतं. त्याच पानावर, तिच्या बोटापासून वीतभर अंतरावर, खालच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात. तिला तो दिसलाही होता. पण तक्ताही वाचायचा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिलीपासून आपण तिला एकच शिकवलं होतं, की वरून सुरू करायचं, ओळीने खाली यायचं, संपलं की थांबायचं. गोष्ट तशीच वाचतात. माहितीचं पान तसं वाचायला गेलं की पोर दमतं आणि उत्तर हाती लागत नाही.

नागपुरात तिसरी-चौथीला शिकवताना या एका गोष्टीवर मी बरीच वर्षं घालवली आहेत. पहिल्यांदाच हे वर्ग हाती आलेल्या शिक्षकांसाठी, आणि घरी मुलांना अभ्यासाला घेऊन बसणाऱ्या आईबाबांसाठीही, माझ्या वर्गात जे चाललं ते इथे क्रमाने मांडते.

सुरुवातीची जमवाजमव

खास साहित्य विकत आणायची गरज नाही. परिसर अभ्यासाचं पाठ्यपुस्तक हातात आहेच, आणि या कामासाठी ते उत्तम आहे. 'सांगा पाहू', 'करून पहा', 'माहीत आहे का तुम्हांला', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी, नकाशे, आकृत्या, ठळक अक्षरांतले शब्द, सगळं त्यात आहे. सोबत बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे दोन-चार जुने अंक, आठवडाभराची वर्तमानपत्रं, नागपूर जिल्ह्याचा एक भिंतीवरचा नकाशा आणि मेट्रोच्या मार्गांचा एक नकाशा एवढं जमवा. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टनसुद्धा ठेवा, त्यामागे तक्ता असतो आणि मुलांना तो जवळचा वाटतो.

एक काळजी मात्र घ्या. नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून वाटू नका. नकाशात निळी रेघ नदीची आणि काळी रेल्वेची असेल, तर झेरॉक्समध्ये दोन्ही सारख्याच दिसतात आणि मुलाच्या हातात आपण सोडवता न येणारं कोडं देतो. रंगीत प्रत एकच असली तरी चालेल, तिच्याभोवती सगळ्यांना गोळा करा.

पहिला तास : दोन पुस्तकं, दोन हात

एका हातात गोष्टीचं पुस्तक, दुसऱ्या हातात प्राण्यांच्या माहितीचं. मुलांना विचारा, "हे मधूनच उघडून वाचलं तर चालेल का?" गोष्टीला ती नाही म्हणतात. वाघ विहिरीत कसा पडला हे आधी वाचलं तर मजा जाते, असं कोणीतरी सांगतंच. माहितीच्या पुस्तकाबद्दल वर्ग थोडा घुटमळतो. मग तुम्हीच मधलं पान उघडा, घुबडाबद्दलचा एक परिच्छेद वाचा आणि विचारा, "कळलं का?" कळतं. मागचं काही न वाचता कळतं. एवढं त्यांच्या लक्षात आलं की हा तास संपवा, जास्त ताणू नका.

संत्र्याचं पान तयार करा

आता मुख्य काम. एका मोठ्या कार्डशीटवर स्वतःच्या हाताने एक पान तयार करा. विषय मुलांच्या ओळखीचा हवा, म्हणजे त्यांचं डोकं विषय समजण्यात न अडकता पानाकडे बघेल. आपल्याकडे संत्र्यासारखा विषय नाही. काटोल-नरखेडकडची मुलं तर बागेतच वाढलेली असतात, आणि शहरातल्या मुलांनी थंडीत गल्लोगल्ली हातगाड्या पाहिलेल्या असतात.

मी असं करते. वर शीर्षक, 'नागपुरी संत्री'. खाली तीन उपशीर्षकं, 'झाड कसं असतं', 'बागेला काय लागतं', 'संत्री कुठे जातात'. प्रत्येकाखाली चार-पाच सोप्या ओळी. डावीकडे अर्ध्या कापलेल्या संत्र्याची आकृती, तिला बाण काढून साल, फोड, बी अशी नावं, आणि आकृतीखाली एक ओळ. एका चौकटीत 'माहीत आहे का तुम्हांला?' असं लिहून खाली, 'नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.' आणि उजवीकडे खाली दोन बहारांचा, म्हणजे झाडाला फुलं येण्याच्या दोन हंगामांचा, तक्ता. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात संत्री तोडतात. मृग बहाराला फुलं जून-जुलैत, तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

पान बनवताना एक पथ्य पाळायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. तक्त्यातली माहिती परिच्छेदात लिहायची नाही. आकृतीतली नावंही परिच्छेदात आणायची नाहीत. सगळं परिच्छेदातच सापडत असेल तर मूल तक्त्याकडे कशाला बघेल?

तुम्ही मोठ्याने विचार करा

पान फळ्यावर लावलं की पहिला प्रश्न तुम्हीच सोडवा, डोक्यात जे चाललंय ते बोलत बोलत. मी साधारण असं बोलते, "मला विचारलंय, मृग बहाराची संत्री कधी तोडतात. म्हणजे मला महिना हवाय. हे सगळं वाचत बसू का? नको. उपशीर्षकं बघते. 'झाड कसं असतं', यात महिना नसणार. 'संत्री कुठे जातात', इथे गावांची नावं असतील. हा खाली तक्ता दिसतोय, वर 'बहार' लिहिलंय. इथे बघते. मृग... ही ओळ. 'तोडणी'... हा स्तंभ. सापडलं, फेब्रुवारी ते एप्रिल."

या बोलण्यात 'इथे नसणार' हे जे येतं, ते मुलांनी ऐकणं फार गरजेचं आहे. न वाचता पुढे जायची परवानगी त्यांना आजवर कोणी दिलेली नसते. एखादी ओळ सोडली तर चूक होते, असंच त्यांना वाटत असतं.

पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं. अनुक्रमणिका, शीर्षक, उपशीर्षक, तक्ता, आलेख यांची नावं फळ्यावर लिहिली, व्याख्या सांगितल्या आणि जोड्या लावायला दिल्या. वर्गाने पटापट जोड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न दिला आणि सगळी मुलं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसली. तेव्हापासून मी नाव सगळ्यात शेवटी सांगते. आधी मूल तक्त्यातून उत्तर काढतं, मग ते विचारतं की याला काय म्हणतात, आणि तेव्हा कळलेलं नाव पक्कं राहतं.

आठवड्याला एकच नवी गोष्ट घ्या. या आठवड्यात उपशीर्षकं, पुढच्या आठवड्यात चित्राखालची ओळ. सगळं एकदम शिकवायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही.

उपशीर्षक : प्रश्न कोणत्या घरात राहतो?

परिच्छेद कागदाच्या पट्ट्यांनी झाका, फक्त उपशीर्षकं उघडी ठेवा. एकेक प्रश्न वाचा आणि विचारा, "हा प्रश्न कोणत्या घरात राहत असेल?" मुलं बोट दाखवतात. मग पट्टी काढून बघायचं. अंदाज चुकला तरी ठीक, दुसऱ्या घराचं दार वाजवायचं. हा खेळ मुलांना इतका आवडतो की तास संपला तरी पट्ट्या परत मिळत नाहीत.

यात एक अडचण येते. प्रश्नातला शब्द आणि पुस्तकातला शब्द एक नसतो. प्रश्नात 'तोडतात' असतं आणि पुस्तकात 'काढणी'. 'तोडतात' शोधणारं मूल 'काढणी'वरून नजर फिरवून पुढे जातं. आपल्या भागात हे अंतर आणखी मोठं आहे, कारण घरी बोलायची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी. घरी 'वावर', पुस्तकात 'शेत'. घरी 'पाऊसपाणी', पुस्तकात 'पर्जन्यमान'. घरी 'ऊन किती तापलं', पुस्तकात 'कमाल तापमान'. म्हणून शोधायला बसण्याआधी मी प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट देते आणि विचारते, "या शब्दाला पुस्तक काय म्हणत असेल?" मुलं जे सांगतील ते फळ्यावर एका रांगेत लिहिते. घरचा शब्द कधीही पुसू नका. तोच धरून मूल पुस्तकातल्या शब्दापर्यंत येतं.

काही उपशीर्षकं नुसती सजावटीची असतात, 'सोनेरी फळाची कहाणी' अशी. त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. अशा वेळी त्याखालची पहिली ओळ तेवढी वाचायची, एवढं सांगितलं की पुरे. चौथीच्या मुलांना मी त्या जागी नवं उपशीर्षक सुचवायला लावते.

चित्र आणि त्याखालची ओळ

मुंगीचं एक मोठं, सुरेख चित्र आम्ही बघत होतो. जवळजवळ तळहाताएवढं. पाय, मिशा, डोळे, सगळं स्पष्ट. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ गप्प बसला होता, मग हळूच म्हणाला, "मॅडम, एवढी मोठी राहते का मुंगी? कुठी राहते?" दोन-तीन जण हसले. मी त्यांना थांबवलं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मुंगी (मोठी करून दाखवली आहे)'. ती ओळ हसणाऱ्यांनीही वाचली नव्हती. मग मी त्याच मुलाला ती मोठ्याने वाचायला लावली आणि सगळ्यांना वहीत पेन्सिलीने मुंगीचा खरा आकार काढायला सांगितला. एक ठिपका आणि सहा केसाएवढ्या रेघा.

मुलं चित्र बघतात आणि त्याखालची ओळ सोडतात, कारण ती बारीक अक्षरात असते आणि बारीक अक्षर म्हणजे बिनमहत्त्वाचं असा त्यांचा समज असतो. त्यामुळे चित्राशी आलं की दोन प्रश्न ठरलेले ठेवा. 'हे नुसतं बघून काय कळलं?' आणि 'खालची ओळ वाचल्यावर नवीन काय कळलं?' दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठिकाण, काळ किंवा आकार यांपैकी काहीतरी असतं.

नामनिर्देशित, म्हणजे भागांची नावं दिलेल्या आकृतीसाठी एक दिवस खरी संत्री आणा. चौघांत एक पुरते. अर्ध्यांची संत्री आडवी कापा, अर्ध्यांची उभी. मुलं बघून काढतात, बाण काढून नावं देतात आणि खाली एक ओळ लिहितात. आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारख्या फोडी दिसतात, उभं कापलं तर वेगळंच दिसतं, त्यामुळे 'आडवं कापलेलं संत्रं' असं लिहिल्याशिवाय दुसऱ्या गटाला चित्र कळत नाही. ती ओळ का लागते, हे वेगळं शिकवावं लागत नाही. मग संत्री खाऊन टाकायची.

जमलं तर मुलांना अजब बंगल्यात घेऊन जा. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं आहे. तिथे प्रत्येक वस्तूजवळची पाटी म्हणजे चित्राखालची ओळच. मुलांना सगळं बघा म्हणून सोडू नका, तीनच प्रश्न द्या. 'पाटी न वाचता तुम्हाला ही वस्तू काय वाटली, आणि पाटीवर काय निघालं?' हा त्यातला एक ठेवा.

तक्ता, आलेख, नकाशा

तक्ता दोन बोटांनी वाचतात. डाव्या हाताचं बोट ओळीवर, उजव्याचं स्तंभावर, आणि दोन्ही सरकत जिथे भेटतील तिथे उत्तर. वाचायला अडखळणारी मुलंही हे झटकन करतात. धड्यात मागे पडणारं एखादं मूल तक्त्यात सगळ्यांच्या पुढे निघतं, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सरावाला वर्तमानपत्रातला शहरांच्या तापमानाचा तक्ता घ्या किंवा भाजीचे भाव.

आलेख मुलांनी स्वतः काढावा. मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी एका मुलाने पेपरातून नागपूरचं कालचं कमाल तापमान वाचायचं आणि भिंतीवरच्या आलेखात त्या दिवसाची पट्टी रंगवायची. दोन आठवड्यांत पट्ट्या उंच होत जाताना दिसतात. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो हे आपल्या मुलांना कोणी सांगायला नको, पण पट्टीच्या टोकापासून आडवी नजर नेऊन आकडा वाचणं त्यांना इथेच जमतं.

नकाशाला मी मेट्रोपासून सुरुवात करते. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि ॲक्वा लाइन प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. मुलांना विचारा, "लोकमान्य नगरहून खापरीला जायचंय. गाडी कुठे बदलाल? त्याआधी किती स्थानकं लागतील?" हे कोणत्याच परिच्छेदात लिहिलेलं नाही, नकाशावर बोट फिरवूनच कळतं. मेट्रोत कधीच न बसलेली मुलंही सीताबर्डीवर बोट आणून थांबतात.

त्यानंतर जिल्ह्याचा नकाशा. शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची, याच क्रमाने. 'सूची' शब्दाने मुलं गोंधळतात हे लक्षात असू द्या. नकाशातली सूची म्हणजे कोणती खूण कशाची ते सांगणारी चौकट, आणि पुस्तकाच्या शेवटची सूची म्हणजे शब्द आणि त्यांची पानं. मी वर्गात 'नकाशाची सूची' आणि 'मागची सूची' असंच म्हणते.

अनुक्रमणिका आणि मागची सूची

अनुक्रमणिका सोपी आहे. पाठ्यपुस्तकात ती असते आणि मुलांनी पाहिलेलीही असते. पाच-सहा दिवस रोज दोन मिनिटं 'पाण्याबद्दल वाचायचंय, कोणतं पान?' एवढं विचारलं की हात बसतो.

मागच्या सूचीचं तसं नाही. लहान मुलांच्या मराठी पुस्तकांत ती फारशी नसते, आणि ती वापरायची तर अकारविल्हे क्रम, म्हणजे वर्णमालेप्रमाणे शब्द लावायचा क्रम, पक्का हवा. मुलांना वर्णमाला पाठ असते, बाराखडीही पाठ असते, पण दोन्ही एकत्र लावून शब्द शोधायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. इथे घाई करू नका, या भागाला माझे दोन आठवडे जातात.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या १४ तालुक्यांनी करा. १४ चिठ्ठ्या, १४ मुलं, आणि सगळ्यांनी क्रमाने रांगेत उभं राहायचं. उमरेड आपोआप पुढे येतं, हिंगणा शेवटी जातं. मग 'क'पाशी चौघं अडकतात. कळमेश्वर, काटोल, कामठी, कुही. माझ्या वर्गात कळमेश्वरची चिठ्ठी धरलेली मुलगी कुहीच्याही मागे जाऊन उभी राहिली. कारण विचारलं तर म्हणाली, "ळ तं शेवटी येते ना मॅडम." ळ शेवटी येतो हे खरंच आहे. पण दुसऱ्या अक्षराकडे जायच्या आधी पहिल्या अक्षराची बाराखडी बघायची. क, मग का, मग कु. कळमेश्वरच्या 'क'ला काना नाही, म्हणून ते सगळ्यांत आधी. काटोल आणि कामठी दोघांचाही 'का', आता दुसऱ्या अक्षराकडे जायचं, ट आधी, म नंतर. कुही शेवटी. हे समजलं की नरखेड आणि नागपूर मुलं स्वतःच लावतात, आणि नागपूर ग्रामीण आधी की नागपूर शहर यावर चांगला वाद होतो. वाद होऊ द्या.

मग अंबाझरीची, म्हणजे आपल्या नागपुरातल्या तलावाच्या नावाची, चिठ्ठी द्या. वर्णमालेत अं येतो औच्या नंतर, म्हणून मुलं ती उमरेडच्या मागे नेऊन ठेवतात. कोशात मात्र 'अं'चे शब्द 'अ'मध्येच असतात. मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडाची सुरुवातच 'अंक' या नोंदीने होते. तसंच 'क्ष' आणि 'ज्ञ'. शाळेच्या वर्णमालेत ते शेवटी आहेत, पण संगणकाने लावलेल्या यादीत 'क्ष' हा 'क'च्या पोटात मिळतो, कारण तो क् आणि ष मिळून झालेला आहे. मुलांना नियम पाठ करायला लावू नका. एका जागी नसेल तर दुसऱ्या जागी बघायचं, एवढं सांगा.

आता पाठ्यपुस्तकाला सूची नाही ना, मग वर्गाने करावी. चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला दोन पाठ. त्यातले असे शब्द निवडायचे जे कोणी शोधायला येईल. पहिल्या प्रयत्नात मुलं 'आपण', 'आहे' असले शब्दही उतरवतात. त्यांना विचारा, "हा शब्द शोधायला कोण येणार?" स्वतःच काट मारतात. त्यानंतर 'पाणी' पुढे येतं. पाणी तर बहुतेक सगळ्या पानांवर आहे, वीस पानांचे आकडे लिहायचे का? आमच्या वर्गात यावर पूर्ण तास गेला. शेवटी मुलांनी ठरवलं की जिथे पाण्याबद्दल काही सांगितलंय तेच पान घ्यायचं, नुसता शब्द आला म्हणून घ्यायचं नाही. आणि 'पाणी – पिण्याचे', 'पाणी – शेतीचे' अशा दोन नोंदी केल्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी हे स्वतः ठरवलेलं मी पाहिलंय, म्हणून तुम्हालाही आग्रह करते. सूची एकदा स्वतः केलेलं मूल दुसऱ्याची सूची वापरायला कधीच बिचकत नाही.

चौकटी आणि ठळक शब्द

हे लवकर होतं. ठळक शब्द म्हणजे त्याचा अर्थ जवळपास किंवा पाठाच्या शेवटी दिलेला असणार, तिकडे जाऊन परत यायचं. परत यायचं हे मुद्दाम सांगा, नाहीतर मुलं शब्दार्थांतच रमतात. चौकटीतली माहिती पाठाला जोडून असते, ती आधी वाचली किंवा नंतर वाचली तरी बिघडत नाही.

फोनवर शोधताना

घरोघरी मुलं फोनला प्रश्न विचारतात आणि पहिलं जे दिसेल ते वहीत उतरवतात. त्यांना रागावण्यापेक्षा एकदा वर्गात फोन काढा आणि मराठी विकिपीडियाचा एखादा लांब लेख उघडून त्यातली उपशीर्षकांची यादी दाखवा. पुस्तकाची अनुक्रमणिकाच ती, बोट लावलं की तिथे पोहोचतो. ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष वेधा. 'नागपुर' आणि 'नागपूर' शोधलं तर समोर येणारी पानं वेगवेगळी असू शकतात. 'संत्री' लिहून सापडलं नाही तर 'संत्रा', 'संत्रे' लिहून बघायचं. उपशीर्षकांच्या वेळी फळ्यावर शब्दांची जी रांग केली होती, ती इथे परत कामाला येते.

जमतंय का, हे कसं ओळखायचं

वहीत तीन रकाने करा. प्रश्न, उत्तर, 'कुठे सापडलं'. तिसऱ्यात पान क्रमांक आणि 'तक्ता', 'चित्राखालची ओळ' असं काहीतरी लिहायचं. उत्तर बरोबर आणि तिसरा रकाना रिकामा असेल तर त्या मुलाला ते आधीच माहीत होतं, किंवा शेजाऱ्याकडून मिळालं. त्याला जवळ बसवून शांतपणे विचारा. चौथीला चौथा रकानाही देता येतो, 'आधी कुठे बघितलं होतं'. चुकलेल्या जागा लिहायला मुलं सुरुवातीला कचरतात. त्या रकान्यावर तुम्ही लाल खूण केली नाही, तर महिनाभरात मोकळेपणाने लिहू लागतात, आणि तुम्हाला मूल कसं शोधतं ते त्यातूनच कळतं.

घड्याळ लावू नका. कोण आधी शोधतं ही शर्यत लावली की चार मुलं ओरडतात आणि बाकीची पुस्तक मिटून बसतात. ज्यांना अजून वाचायला जड जातं त्यांच्यासोबत नीट वाचणारा जोडीदार द्या, पण बोट फिरवायचं काम जड वाचणाऱ्याकडेच ठेवा.

प्रश्न तयार करताना एक तपासा. तुमच्या पाच प्रश्नांपैकी किती परिच्छेदाबाहेर सुटतात? पाचही परिच्छेदातच सुटत असतील तर दोन बदला.

वर्गाने केलेली सूची वहीत किंवा एका मोठ्या कागदावर उतरवू नका. नवा शब्द मध्ये घालायचा झाला की सगळं पुन्हा लिहावं लागतं. खिडकीपासून फळ्यापर्यंत सुतळी बांधा आणि एकेक शब्दाची चिठ्ठी कपड्याच्या चिमट्याने लावा. 'ऊस' आला की उमरेडच्या पुढच्या चिठ्ठ्या थोड्या सरकवायच्या आणि मध्ये त्याला जागा करून द्यायची. सुतळी मुलांच्या हाताला पोहोचेल एवढ्याच उंचीवर बांधा. चिमटे दोन डझन लागतात, थोडे जास्तच आणून ठेवा.